खान्देशातल्या कॉलेजसाठी मोफत ई-पुस्तकांचं कपाट : पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

तुम्ही नुकतेच ग्रंथपाल किंवा ग्रंथालय सहायक म्हणून रुजू झाला असाल, किंवा शिकवता शिकवता प्राचार्यांनी "ई-लायब्ररीचं जरा तुम्ही बघा" म्हणून हे काम तुमच्याकडे सोपवलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी खान्देशातल्या एका ग्रामीण कॉलेजात ग्रंथालय सांभाळते. एकाच आवारात अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग, रस्त्यापलीकडे आयटीआय. मुलं एसटीने येतात आणि एसटीनेच जातात. ग्रंथालयात बसायला त्यांना जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यामुळे पुस्तक त्यांच्यासोबत घरी गेलं पाहिजे, आणि क्रमिक पुस्तकाच्या चार प्रती ऐंशी मुलांना पुरत नाहीत. ई-पुस्तकांची गरज इथून सुरू होते.

पहिल्या वर्षी मी एक मोठा फ्लेक्स करून घेतला. त्यावर मोफत पुस्तकं मिळणाऱ्या चाळीसेक संकेतस्थळांचे पत्ते छापले आणि तो दारातच लावला. वर्षभर त्याच्यासमोर उभं राहून कुणी एकही पत्ता मोबाईलवर टाईप केल्याचं मी पाहिलं नाही. तेव्हा कळलं की पत्त्यांची यादी म्हणजे संग्रह होत नाही. मुलाच्या अभ्यासक्रमातलं, त्याच्या भाषेतलं, त्याच्या मोबाईलवर उघडणारं पुस्तक त्याच्या हातात पडलं, तरच आपण त्याला काही दिलं. पुढचं सगळं काम मी याच हिशोबाने मांडलंय.

आधी मोबाईल बघा, मग पुस्तकं

संगणकावर बसून पुस्तकं शोधायच्या आधी एक आठवडा मुलांकडे बघण्यात घालवा. अर्ध्या पानाची चिठ्ठी करा आणि पाचच प्रश्न विचारा. गाव कोणतं? घरात मोबाईल कुणाचा आणि तो तुझ्या हातात किती वाजता येतो? त्यात जागा किती शिल्लक आहे? गावात नेट कुठे लागतं? वाचायला मराठी बरं पडतं की इंग्रजी? नाव लिहायला सांगू नका, म्हणजे खरं लिहितात.

उत्तरं वाचून माझ्या बऱ्याच समजुती गळून पडल्या. मोबाईल बहुतेक वेळा वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. शेतातून माणूस घरी आला, जेवणं झाली, की रात्री नऊनंतर तो मुलीच्या हाती येतो, तोवर चार्जिंग संपत आलेलं असतं. धडगाव, तोरणमाळकडच्या पाड्यांवरची मुलं वसतिगृहात असतात तोवर ठीक, पण दिवाळीच्या सुटीत घरी गेली की नेट सुटतं. धरणगावकडचा एक मुलगा मला सरळ म्हणाला, "मॅडम, मन्हा मोबाईलमा जागाच नही शे." घरच्या लग्नाचे व्हिडिओ होते त्यात, ते पुसायला त्याला आई परवानगी देत नव्हती. आईचंही बरोबरच होतं.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण त्याने माझ्या कामाची दिशाच बदलली. अक्कलकुव्याकडची एक मुलगी अर्थशास्त्राची पीडीएफ वाचत खिडकीशी बसली होती. मोबाईलची काच तडकलेली, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. पुस्तक मोठ्या पानाचं आणि स्कॅन केलेलं. अक्षर दिसावं म्हणून ती पान दोन बोटांनी मोठं करायची, मग एक ओळ पूर्ण करायला तीनदा बोट सरकवायची. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात पडद्याबाहेर गेलेली. पाऊण तासात तिची दोन पानं झाली. तिने तक्रार केली नाही, तिला वाटत होतं ई-पुस्तक असंच असतं. त्या दिवसापासून मी कोणतंही पुस्तक संग्रहात घेण्याआधी लहान मोबाईलवर त्याची पाच पानं स्वतः वाचून बघते. तुम्हीही हा नियम करा. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

पंचवीस पुस्तकांपासून सुरुवात

हजारो पुस्तकांच्या आकड्याचा मोह होतो, अहवालात तो शोभतो. पण सुरुवात पंचवीस पुस्तकांनी करा. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला एकच प्रश्न विचारा: "सर, तुमच्या विषयात नापास होऊ घातलेल्या मुलाने एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं?" उत्तर चटकन येतं. हुशार मुलाबद्दल विचारलं तर दहा नावं येतात आणि निवड होत नाही.

मग त्या विषयासाठी मोफत आणि कायदेशीर असं काय मिळतं ते शोधा. वर्गवार सांगते.

अकरावी-बारावीसाठी पहिली जागा ई-बालभारती. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं तिथे पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात, मराठी माध्यमाचीही. अकरावीचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आणि बारावीचा २०२० मध्ये बदलला होता, आणि पुढेही बदलत राहणार. म्हणून मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष वाचल्याशिवाय पुस्तक पुढे पाठवू नका. मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या फायलींमध्ये जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं सर्रास असतात आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी ते लक्षात येतं. नीट, जेईई देणाऱ्यांना एनसीईआरटीची पुस्तकं लागतात, ती ई-पाठशालावर आणि एनसीईआरटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत.

आयटीआयच्या मुलांकडे कॉलेजची ग्रंथालयं फारसं लक्ष देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. फिटर, वायरमन, इलेक्ट्रिशियन शिकणाऱ्या मुलाला पुस्तकाची गरज कमी असते असं कोण म्हणतं? चेन्नईच्या निमी या केंद्रीय संस्थेची ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं हाच त्यांचा मुख्य आधार आहे. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं भारत स्किल्स नावाचं पोर्टल आहे, त्यावर ट्रेडनुसार अभ्यासक्रम, पुस्तकं आणि सरावाचे प्रश्न मोफत मिळतात. मराठी प्रत आहे का ते प्रत्येक ट्रेडसाठी वेगळं तपासा. मिळाली नाही तर इंग्रजी किंवा हिंदी प्रत घ्या आणि निदेशकांकडून शंभर-दीडशे अवघड शब्दांचा मराठी अर्थ लिहून घ्या. हा दोन पानी शब्दार्थ पुस्तकाइतकाच कामाला येतो.

पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, ई-कुंभ पोर्टल बघा. तिथे तांत्रिक विषयांची पुस्तकं मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. मराठी माध्यमातून दहावी करून डिप्लोमाला गेलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजी पुस्तकासमोर जे दडपण येतं, ते या पुस्तकांनी बरंच हलकं होतं.

पदवीसाठी इग्नूचं ई-ज्ञानकोश हे माझं आवडतं भांडार. पुस्तक घटकांत तोडलेलं असतं, त्यामुळे फायली लहान, भाषा स्वतः वाचून समजेल अशी, आणि प्रत्येक घटकाखाली सरावाचे प्रश्न. त्यातलं बरंचसं साहित्य इंग्रजी-हिंदीत आहे. मराठीसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्वयं-अध्ययनाची पुस्तकं पाहा. विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांसाठी अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं उत्तम आहेत, इंग्रजी मात्र नीट यायला हवं.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, म्हणजे एनडीएलआय, आयआयटी खरगपूर चालवतं. ते जून २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. नवख्या माणसाची इथे हमखास एक गफलत होते. शोध घेतला की लाखो नोंदी येतात आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात ते मुख्यतः नोंदींचं सूचीघर आहे, पुस्तक दुसऱ्याच ठिकाणी असतं आणि प्रत्येक पुस्तक पूर्ण उघडतंच असं नाही. शोधताना खुलं उपलब्ध असलेलंच दाखव अशी चाळणी लावा. कॉलेजला एनडीएलआय क्लबची नोंदणी मोफत करता येते, ती करून टाका.

एन-लिस्टबद्दलही विचारणा होईल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ई-पुस्तकं देणारी ही योजना पदवी महाविद्यालयांसाठी आहे. तिला वार्षिक वर्गणी आहे, म्हणून ती निव्वळ मोफत नाही. पण यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांत येणाऱ्या अनुदानित कॉलेजला ती परवडते, आणि त्या पैशात मिळणाऱ्या पुस्तकांचा हिशोब केला तर नाही म्हणायला जागा नाही. फक्त प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं उघडावं लागतं. कॉलेज वर्गणी भरतं आणि खाती मात्र प्राध्यापकांपुरतीच उघडतं, असं होऊ देऊ नका. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना संशोधन नियतकालिकांसाठी आहे, पाठ्यपुस्तकांसाठी तिच्याकडे पाहू नका.

अवांतर वाचनासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची ग्रंथसंपदा, मराठी विकिस्रोत हे स्वयंसेवकांनी उभारलेलं मुक्त ग्रंथालय आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं. संदर्भासाठी मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाईन आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. हे मी पहिल्याच तासाला सांगते, आणि साक्री-पिंपळनेरकडची मुलं मान वर करून बघतात.

फुकट वाचायला मिळणं वेगळं, आपण वाटणं वेगळं

इथे जरा थांबून वाचा. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

एखादं पुस्तक संकेतस्थळावर मोफत आहे याचा अर्थ ते आपण आपल्या संगणकावर ठेवून पुन्हा वाटू शकतो असा होत नाही. मी सगळी पुस्तकं तीन टोपल्यांत विभागते. पहिली टोपली खुल्या पुस्तकांची. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली, किंवा लेखकानेच वाटायची मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना दिलेली. ही साठवा, वाटा, छापा, फक्त परवान्याच्या अटी वाचा. दुसरी टोपली अधिकृत जागेवरून मोफत उतरवता येणाऱ्या पुस्तकांची. बालभारती, निमी, ई-कुंभ यांची पुस्तकं मी याच टोपलीत धरते. इथे मुलाने अधिकृत पोर्टलवरूनच पुस्तक घ्यायचं, आपण ग्रंथालयाचं नेट आणि पाच मिनिटांची मदत द्यायची. नेट नसलेल्या मुलांसाठी आपल्या सर्व्हरवर प्रत ठेवायची असेल तर त्या संस्थेला पत्र लिहून परवानगी मागा. तिसरी टोपली एन-लिस्टसारख्या लॉगिनवाल्यांची, त्यांचा पासवर्ड फळ्यावर लिहायचा नाही.

आता मुदत कशी मोजायची ते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, आपल्याकडच्या मुलांना ते घरचेच वाटतात. ते ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी १९५१ पासून साठ वर्षं मोजली की ३१ डिसेंबर २०१० येतो. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन सर्वांचं झालं. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये गेले, तिथे प्रश्नच नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले, त्यांचंही तसंच.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मात्र मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वहीत सोडवायला लावते. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये, त्यांच्यामागे निघाला. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाला मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे त्या कविता २०१२ च्या अखेरीस खुल्या झाल्या. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे १९६९ मध्ये गेले. प्रस्तावनेवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. तेव्हा कविता टाईप करून संग्रहात ठेवा, अख्खं पुस्तक प्रस्तावनेसकट स्कॅन करून ठेवू नका. नंतरच्या आवृत्तीत वाढवलेल्या कविता, चित्रं, टिपा यांचा हिशोब पुन्हा वेगळा. अनुवादाचंही असंच आहे. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असला तरी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो.

टेलिग्रामवर मिळणाऱ्या गाईड आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या पीडीएफ संग्रहात घ्यायच्या नाहीत. मुलं आग्रह करतात, कधी शिक्षकही करतात. त्यातली पुष्कळशी पुस्तकं नाशिक, पुणे, जळगावच्या छोट्या प्रकाशकांची असतात आणि लेखक आपल्यासारखेच नोकरी सांभाळून लिहिणारे असतात. अशा पुस्तकाची छापील प्रत मागणीपत्रात घाला.

आपलं स्वतःचं साहित्य

बाहेरच्या पुस्तकांइतकीच मुलांना लागतात ती मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, शिक्षकांची टिपणं आणि प्रात्यक्षिकाच्या वह्यांचे नमुने. शिक्षकांकडून टिपणं घेताना दोन ओळींचं पत्र सहीनिशी घ्या. मजकूर एवढाच पुरतो: "माझी अमुक विषयावरील टिपणं कॉलेज ग्रंथालयाने विद्यार्थ्यांना मोफत, डिजिटल स्वरूपात द्यावीत यास माझी संमती आहे. टिपणांवर माझं नाव राहील." पत्र फायलीला लावा. शिक्षक निवृत्त होतात, बदलून जातात, पत्र राहतं.

हेच पत्र घेऊन अहिराणीत लिहिणाऱ्या आपल्या भागातल्या कवी-लेखकांकडे जा. स्वखर्चाने पुस्तक काढलेलं असतं, पाचशे प्रतींतल्या दोनशे घरात पेटीत पडून असतात. आपलं पुस्तक कॉलेजची मुलं वाचतील म्हटलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. मूळ टाईप केलेली फाईल मागून घ्या, ती स्कॅनपेक्षा केव्हाही चांगली.

टाईप केलेल्या जुन्या फायलींत एक अडचण येते. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर मोबाईलवर नुसती अक्षरांची खिचडी दिसतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतरित करा, त्यासाठी मोफत कन्व्हर्टर मिळतात. नंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. हातात छापील पुस्तकच असेल तर स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी अक्षरं ओळखली जातात. चुका राहतातच, त्या कुणीतरी बसून सुधाराव्या लागतात. आमच्याकडे एनएसएसच्या मुलामुलींनी हे काम केलं. मराठी विकिस्रोतवर हीच पद्धत आहे: न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. मी ग्रंथालयातल्या वहीत याच तीन रंगांचे ठिपके ठेवले. पान हिरवं करायला मुलं चढाओढ करतात, आणि त्या निमित्ताने त्यांचं शुद्धलेखन सुधारतं हे भाषेच्या शिक्षकांनी मला येऊन सांगितलं.

फाईल हातात आल्यावर

सलग वाचायच्या पुस्तकाला ईपब हे रूप चांगलं, कारण अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप मोडून पडद्यात बसतात. गणित, आकृत्या, सर्किटं असलेली पुस्तकं पीडीएफमध्येच राहू द्या, ईपबमध्ये त्यांची मांडणी विस्कटते. पहिल्या टोपलीतली किंवा स्वतःची स्कॅन फाईल फार मोठी असेल तर रंग काढून करडी करा, २०० डीपीआयवर आणा आणि प्रकरणागणिक तोडा. शंभर एमबीचं पुस्तक कुणी उतरवत नाही, पाच एमबीचं प्रकरण सहज उतरवतात.

फाईलचं नाव बघून आत काय आहे ते कळलं पाहिजे. वर्ग, विषय, पुस्तक, भाषा, वर्ष, याच क्रमाने. 'नवीन फाईल अंतिम २' अशा नावांचं पुस्तक हरवल्यातच जमा.

दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर स्कॅन त्याच्या उपयोगाचं नाही, मोबाईलमधली मजकूर मोठ्याने वाचणारी टॉकबॅक ही सोय चित्रातली अक्षरं नीट वाचू शकत नाही. युनिकोडमधलं ईपब त्याला ऐकता येतं. सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन ग्रंथालय अशाच वाचकांसाठी आहे, तिथे त्याची नोंदणी करून द्या. स्वामित्वहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग वाचकासाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात बदलायला कायद्यानेही मुभा आहे.

नेटशिवाय चालणारं कपाट

आता ते काम, ज्याने आमच्याकडे खरा फरक पडला. कॉलेजचं नेट दुपारी गेलं की संध्याकाळपर्यंत येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. म्हणून पहिल्या टोपलीतली आणि संमती मिळालेली सगळी पुस्तकं आम्ही ग्रंथालयातच एका संगणकावर ठेवली, आणि ती वायफायवरून मुलांच्या मोबाईलवर जातात. त्याला इंटरनेट लागत नाही.

भंगारात काढायला ठेवलेला, ४ जीबी रॅमचा एक चालू संगणक घ्या. ई-पुस्तकं लावून ठेवणारं आणि वाटणारं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर त्यात टाका. पुस्तकं त्यात ओढून सोडा, प्रत्येकाचं शीर्षक, लेखक, भाषा भरा, आणि टॅगच्या रकान्यात वर्ग व विषय लिहा. टॅग कंटाळवाणे वाटतात, पण मुलं पुस्तक शोधतात ते विषयाने, लेखकाच्या नावाने शोधणारा विरळा. मग 'कनेक्ट/शेअर' या बटणातून कंटेंट सर्व्हर, म्हणजे ही पुस्तकं वायफायवरून दाखवणारी सोय, सुरू करा. साधा वायफाय राऊटर त्या संगणकाला जोडा आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा ठरवून टाका, नाहीतर वीज गेली-आली की पत्ता बदलतो आणि सगळं बंद पडल्यासारखं वाटतं. पत्ता १९२.१६८.१.१० असा काहीतरी असतो, त्यापुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन ८०८० हा पोर्ट क्रमांक. मोबाईल त्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये एवढं टाकलं की मुखपृष्ठांसकट पुस्तकांची मांडणी समोर येते. मुलांना ते टाईप करायला लावू नका, क्यूआर कोड छापा.

चालत नसेल तर आधी दोनच गोष्टी बघा. संगणकाची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी रोखणारी सोय) कॅलिबरला अडवतेय का, आणि मोबाईलचा डेटा चालू राहिल्याने तो वायफाय सोडून देतोय का. मोबाईल "या वायफायवर इंटरनेट नाही" असा इशारा देतो, तरीही जोडलेलं राहू द्या असं निवडायचं असतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या अडचणी याच्याच असतात.

त्याच संगणकावर किविक्स हे नेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून मराठी विकिपीडियाही ठेवता येतो. राऊटर आणि संगणक लहान यूपीएसवर घ्या. पुस्तकांच्या फोल्डरची एक प्रत दर महिन्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा संगणक पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. आमची एक हार्डडिस्क मे महिन्यात गेली, आणि टाईप केलेल्या अहिराणी कवितांची चाळीस पानं तिच्याबरोबर गेली. ती पुन्हा टाईप करताना त्याच मुलामुलींना बसवावं लागलं.

मुलांना शिकवणं

शंभर जणांना हॉलमध्ये बसवून प्रोजेक्टरवर दाखवलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. दहा-दहा जणांचे गट करा, वीस मिनिटं पुरतात. प्रत्येकाने आपल्याच मोबाईलवर वायफाय जोडायचं, क्यूआर स्कॅन करायचा, एक पुस्तक उतरवायचं, ते वाचायचं अॅप टाकायचं, अक्षर मोठं करायचं, खूण ठेवायची. मी रीडएरा सुचवते, मोफत आहे आणि मध्ये जाहिराती येत नाहीत. पुस्तक उतरवलं की लगेच एअरप्लेन मोड लावायला सांगा आणि पुस्तक पुन्हा उघडायला लावा. नेटशिवाय ते उघडलेलं बघितल्यावरच मुलांचा विश्वास बसतो. शेतात, एसटीत, पाड्यावर, कुठेही हे चालणार, हे त्यांना तिथे कळतं.

ज्यांच्याकडे मोबाईलच नाही त्यांना विसरू नका. ग्रंथालयात दोन संगणक त्यांच्यासाठी राखून ठेवा, आणि ज्या प्रकरणांची छपाई परवान्यात बसते त्यांची छापील प्रत द्या.

प्रत्येक वर्गातून दोन मुलं, त्यात एक मुलगी नक्की, मदतनीस म्हणून निवडा. मुली माझ्याकडे अडचण घेऊन यायला दोन दिवस लावतात, मैत्रिणीला लगेच विचारतात.

नोंद आणि निगा

एक साधी वही ठेवा: तारीख, वर्ग, कोणतं पुस्तक, काय अडलं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी ग्रंथालयाच्या वापराच्या नोंदी मागतात, तेव्हा ही वही कामी येते. पण माझ्या दृष्टीने तिचा उपयोग दुसराच. 'काय अडलं' हा रकाना दर शनिवारी वाचला की पुढच्या आठवड्याचं काम आपोआप ठरतं. एकदा सलग सात नोंदी एकाच कारणाच्या होत्या: बारावीच्या रसायनशास्त्राच्या टिपणांत प्रकरण चारच्या जागी प्रकरण पाच दोनदा होतं. सात मुलांनी लिहिलं, म्हणजे त्या सातांनी चौथं प्रकरण शोधलं होतं. मला त्या चुकीचा राग कमी आणि त्या सात नोंदींचा आनंद जास्त झाला.

जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायच्या आधी चार दिवस राखून ठेवा. बदललेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं बाजूला काढा, मेलेल्या लिंक दुरुस्त करा, एन-लिस्टची जुनी खाती बंद करून नवी यादी तयार करा, आणि क्यूआर कोडचा कागद नवा लावा. तो दारावर लावू नका. आमच्याकडे तो मोबाईल चार्जिंगच्या बोर्डाशेजारी, हाताच्या उंचीवर चिकटवलाय, कारण एसटीची वाट बघणारी मुलं तिथेच उभी असतात.